साळुबाई फाट्यावर उभी आहे

चांगदेवांची साळुबाई माघी पौर्णिमेला फाट्यावर येऊन उभी राहिली, ती काही केल्या तिथून हलेना. हातात पत्र्याची पेटी, समोर भीमाशंकरची एस.टी., दार धरून उभा असलेला कंडक्टर विचारतोय, "मावशी, यायचंय का?" आणि साळुबाई गप्प. कारण चांगदेवच गप्प.

साळुबाई ही काही गावातली बाई नव्हे. ती चांगदेवांच्या गोष्टीतली. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की चांगदेव माईकपुढे उभे राहून आपली एक गोष्ट वाचत. साठीला टेकल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं गिरवलेला हा माणूस. पण एकदा लिहायला लागला तो लिहीतच राहिला. या वेळची गोष्ट लांबली. साळुबाई आमटीत मीठ घालायची, ती पाठमोरी झाली की सासू गुपचूप आणखी मीठ घालायची आणि नवरा ताट सरकवून म्हणायचा, "तुला साधी आमटी येत न्हाई." एक दिवस साळुबाईने पेटी उचलली आणि थेट फाटा गाठला. इथपर्यंत वाचून चांगदेव म्हणाले, "उरल्याली फुडल्या पौर्णिमेला."

हीच चूक झाली. विहाराचा कर्णा चांगला होता. विहारात न येणाऱ्यांनीही आपापल्या ओट्यावर बसून गोष्ट ऐकली होती. दुसऱ्या दिवसापासून निमगाव सावाच्या शिवारात चांगदेवांना चालणं मुश्किल झालं.

"आजा, बसली का तुमची साळुबाई गाडीत?" नारायणगावच्या जीपवाल्याने विचारलं. "न्हाईतर माझ्या जीपमधी बसवा. सीट ठेवतो."

गिरणीत दळणाला थांबलेल्या बायांनी तंबी दिली, "माघारी घरी धाडली तर बघा हां, मामा! दळण मिळायचं न्हाई."

पारावरच्या माणसांची तंबी वेगळी होती. "गाडीत बसवू नका राव. आमच्या घरच्या बी ऐकत्यात."

चांगदेव दोघांनाही हसून मान डोलवत आणि घरी येऊन कपाळाला हात लावत. खरं म्हणजे त्यांना काहीच सुचत नव्हतं. कागद पुढे घेतला की साळुबाई दिसे, पेटी दिसे, कंडक्टर दिसे. पण शब्द उतरत नसे. रात्री अंथरुणावर त्यांना एकच भीती वाटे. अक्षरं आपल्याकडे उशिरा आली. पाहुण्यासारखी आली. तशीच उठून गेली तर?

"बसव की तिला एकदाची!" त्यांची बायको जानकाबाई एक दिवस वैतागून म्हणाल्या. "तिकिटाचं मी बघते."

"बसवून चालत न्हाई गं. का बसली ते कळाय पायजे."

"उन्हात उभं ऱ्हाऊन पाय दुखले म्हनून बसली. झालं?"

चांगदेवांनी तेही लिहून पाहिलं आणि खोडून टाकलं.

रोग कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. आजवरच्या सगळ्या गोष्टी त्यांनी कांद्याला दारं धरताना लिहिल्या होत्या. मोटार चालू झाली की पाटाने पाणी यायचं. खोऱ्याने माती ओढून एका वाफ्याचं तोंड उघडायचं, बांधावर बसायचं आणि वाफा भरेपर्यंत लिहायचं. वाफा भरला की उठायचं, दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं आणि पुन्हा बसायचं. लहान वाफ्याला चार ओळी, लांब वाफ्याला एखादं भांडण पुरं व्हायचं. जास्त विचार करायला पाणी सवडच देत नसे. वाफा भरायच्या आत वाक्य संपवावंच लागे.

आणि या पौषात त्यांच्या मुलाने, कपिलने, सगळ्या रानात ड्रिप केलं. कपिलचं नारायणगावात शेती अवजारांचं दुकान होतं. लाइट आली की मोटार आपोआप चालू, दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवरून बंद. "बापू, जिंदगीभर चिखलात उभं ऱ्हायलात," तो म्हणाला, "आता खुर्चीत बसून निवांत लिवा." त्याने खुर्ची आणली, टेबल आणलं, टेबलावर एक छोटा पंखाही बसवला. पोराने इतक्या मायेने केलेलं, त्याला काय सांगणार? चांगदेव खुर्चीत बसत आणि पंख्याकडे बघत. पंखा डावीकडे बघे, उजवीकडे बघे. त्यालाही काही सुचत नसावं.

त्यांनी उपाय करून पाहिले. एकदा ते न्हाणीत नळाखाली बादली लावून पाटावर लिहायला बसले. वाफ्याऐवजी बादली. जानकाबाई आल्या तेव्हा बादली वाहत होती आणि नवरा कागद गुडघ्यावर ठेवून टक लावून बादलीकडे बघत होता.

"काय चाललंय?"

"काय न्हाई. बादली लई लवकर भरती."

जानकाबाईंनी नळ बंद केला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पौर्णिमा तोंडावर आली. त्या आठवड्यातल्या रविवारी चांगदेवांना संधी मिळाली. कपिल दुकानात गेला होता. जानकाबाई सकाळीच खालच्या अंगाला शेजारी गेणभाऊंकडे गेल्या होत्या, कारण गेणभाऊंची नात श्रेया हिला बघायला अवसरीचे पाहुणे यायचे होते आणि पोह्यांचा अंदाज श्रेयाच्या आजीला, चिमाबाईंना, एकटीला येत नसे. रानात कुणी नव्हतं.

सगळं रान ड्रिपवर गेलं तरी बांधाकडेला गाईसाठी घासाची एक पट्टी तशीच राहिली होती. चांगदेवांनी ठरवलं, नुसत्या घासाला पाटाने पाणी द्यायचं. तासाभराचं काम. कुणाला कळायचं नाही.

लाइट आली, मोटार आपोआप सुरू झाली. त्यांनी ड्रिपकडचा कॉक बंद केला आणि जुन्या पाटाकडचा जोर लावून फिरवला. दोन महिन्यांचा गंज होता. कॉक कुरकुरला, फिरला आणि त्याचा दांडा मोडून चांगदेवांच्या हातात आला. पण पाणी तर आलं! फेस आणि पालापाचोळा पुढे ढकलत पाणी पाटाने निघालं, तसा चांगदेवांनी दांडा खिशात टाकला, घासाचं तोंड उघडलं आणि ते बांधावर बसले.

ओल्या मातीचा वास आला. कागदावर हात ठेवायचा अवकाश, वाक्य आलं. साळुबाईने कंडक्टरकडे पाहिले. कंडक्टरने घड्याळाकडे पाहिले. मग खिडकीतली एक बाई बोलली. तिला मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं. बघता बघता आख्खी एस.टी. साळुबाईच्या संसारात बोलू लागली. साळुबाई अजून चढली नव्हती, पण गाडी जिवंत झाली होती. चांगदेवांच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्षरं गेली नव्हती. ती इथेच बांधावर वाट बघत बसली होती.

त्या आनंदात ते एकच गोष्ट विसरले. वाफा भरला की उठायचं असतं.

घासाची पट्टी भरली, काठोकाठ झाली आणि खालच्या कोपऱ्यात फुटली. चांगदेवांना पायाखाली गार लागलं तेव्हा त्यांनी मान वर केली. पाणी बांध फोडून खालच्या एका बुजलेल्या पाटाला लागलं होतं. तो पाट पूर्वी गेणभाऊंच्या रानात जायचा. पुढे गेणभाऊंनी त्यावर माती टाकून, रोलर फिरवून घरापुढे प्रशस्त खळं केलं होतं. पण खळं सखलातच होतं, आणि आज तिथे सतरंज्या होत्या, खुर्च्या होत्या आणि अवसरीचे पाहुणे होते.

चांगदेव धावले. कॉक बंद करायला दांडा हवा. तो खिशात होता आणि नुसता दांडा काही कामाचा नव्हता. स्टार्टरच्या पेटीला चोरांच्या भीतीने कपिलने कुलूप घातलेलं. किल्ली दुकानात. त्यांनी फोन लावला.

"कपिल, मोटार बंद कर."

"का? ड्रिपवर चाललीय. चालू द्या."

"बंद कर म्हनतो ना!"

"बापू, मी मोबाइलवर बघतोय. सगळं ठीक दावतंय."

"त्या मोबाइलला म्हनावं, गेणभाऊच्या खळ्यात येऊन बघ!"

"बापू," कपिल सावकाश म्हणाला, "पाटानं पानी सोडलं काय?"

"थोडंसं. घासाला."

"आन दुकानात गिऱ्हाईक उभं हाय, त्याला मी काय सांगतोय ठाव हाय का? ड्रिपमुळं बाप सुखी झाला!"

"त्याला सांगत ऱ्हा. आदी बंद कर!"

कपिलने बटण दाबलं. मोटार थांबली. पण पाटातलं पाणी थोडंच थांबणार? ते उतारावर होतं. चांगदेवांनी एका हातात खोरं घेतलं आणि खाली धाव घेतली. दुसऱ्या हातातला कागद टाकून द्यावा हे त्यांना सुचलंच नाही.

इकडे खळ्यात कार्यक्रम रंगात आला होता. नवरदेव सुदर्शन चाकणच्या कंपनीतला, नवे बूट घालून ताठ बसलेला. त्याचे वडील बाळासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्याची आई मंदाबाई पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन श्रेयाकडे निरखून बघत होती. श्रेया साडीत अवघडून मान खाली घालून बसली होती. आणि गेणभाऊ शेतीचं सांगत होते.

"जमीन चांगली हाय," बाळासाहेब म्हणाले. "पर पान्याचं कसं?"

"पानी?" गेणभाऊ हसले. "पावणं, पान्याला आमच्याकडं तोटाच न्हाई. घरापोतर येतंय म्हना की!"

आणि ते आलं.

आधी सतरंजीची कड ओली झाली. मग बाळासाहेबांची एक चप्पल हळूच निघाली आणि सुदर्शनच्या खुर्चीखालून पुढे गेली. बाळासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गेणभाऊंकडे पाहिलं.

"पटलं," ते म्हणाले आणि दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

एकच गोंधळ उडाला. सुदर्शन नवे बूट काढून काखेत मारून खुर्चीवर उभा राहिला. चिमाबाई "अगं बया बया!" करत पोह्यांचं पातेलं डोक्यावर घेऊन ओट्यावर चढल्या. जानकाबाईंनी पाण्यावर तरंगत आलेला घासाचा पाला उचलला, ओळखला आणि कुणाला दिसायच्या आत पदराखाली घातला. गेणभाऊ नुसते ओरडत होते, "आरं, पानी अडवा कुणीतरी! बराखीत गेलं तर कांदा गेला!"

कांद्याची बराख खळ्याच्या खालच्या टोकाला होती. श्रेयाने तिकडे एकदा पाहिलं. मग तिने पदर खोचला, साडी वर घेतली, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि बराखीपुढे माती ओढायला सुरुवात केली. तिला बघून मंदाबाई उठल्या. त्यांनी ताटली नवऱ्याच्या हातात दिली, फावडं घेतलं आणि पाण्यात उतरल्या.

"पोरी, हिथं काय दाबती? तिकडं फोड, वड्याला जाईल."

"काकू, तिकडं फोडलं तर गोठ्यात जाईल."

"जाऊ दे की. म्हशीला काय, आवडंल."

"म्हशीला आवडंल, आजीला न्हाई आवडायचं. तुमी तेवढी माती द्या मला."

"मला सांगती व्हय गं? मी काय पयल्यांदा दारं धरती?"

"मंग हात चालवा की काकू!"

मंदाबाई थबकल्या. चिमाबाईंनी ओट्यावर डोळेच मिटले. झालं, मोडलं लग्न. पण मंदाबाई खो खो हसल्या आणि त्यांनी फावडंभर माती अशी फेकली की निम्मी बांधावर पडली, निम्मी बाळासाहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर. दोघी वाद घालत होत्या, एकमेकींना हुकूम सोडत होत्या, आणि बांध मात्र सरळ रेषेत चढत होता. खुर्च्यांवर माणसं पाय वर घेऊन बसली होती, हातात पोहे होते.

त्याच वेळी चांगदेव धापा टाकत आले. गेणभाऊंनी त्यांचं खोरं पाहिलं, कागद पाहिला आणि काय ते ओळखलं.

"चांगदेवा! तू? आरं, आजच का? माझ्या नातीच्या…"

चांगदेवांचं लक्ष नव्हतं. ते त्या दोन बायांकडे बघत उभे होते. एक तरणी, एक उतारवयाची. दोघी चिखलात, दोघी बोलतायत, माणसं खुर्चीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला आणि ते मोठ्याने म्हणाले, "सासू गाडीत बसती!"

बाळासाहेब खुर्चीवरच उभे राहिले. "कुणाची सासू? आमच्या घरात असलं काय चालत न्हाई!"

"तुमी थांबा हो पावणं," गेणभाऊ म्हणाले. त्यांचा राग अर्ध्यावर अडकला होता. "कुणाची? साळुबाईची? सासू कशी गाडीत बसंल? ती तर घरी हाय ना, मिठाचा डबा घेऊन?"

"पौर्णिमेला सांगतो."

"माझ्या खळ्यात तळं केलंस आन पौर्णिमेला सांगतो?"

"आत्ता सांगितलं तर लिवायचं ऱ्हाईल, गेणभाऊ. निसटंल."

चांगदेवांनी तिथेच चिखलात उकिडवं बसून कागदाच्या कोऱ्या जागेत भराभर लिहायला सुरुवात केली. जानकाबाईंनी कपाळ बडवलं. गेणभाऊंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं, पण चांगदेवांनी हात आडवा धरला.

बांध पुरा झाला. पाणी ओढ्याला लागलं. बराख वाचली. मंदाबाईंनी फावडं टेकवलं, घाम पुसला आणि श्रेयाला विचारलं, "आमच्याकडं अजून पाटानंच पानी हाय. चालंल का?"

श्रेयाने खुर्चीवर उभ्या सुदर्शनकडे पाहिलं. "यांना दारं धरता येतं का?"

"न्हाई," मंदाबाई म्हणाल्या.

"मी शिकंन," सुदर्शन घाईने म्हणाला आणि बुटांसकट खाली उतरला.

पाहुणे गेल्यावर गेणभाऊंनी निकाल दिला. "नुकसान काय झालं न्हाई, पर माझी पंचाईत केलीस. दंड हाय. माझ्याकडं ड्रिप न्हाई. ह्या पाळीचं माझ्या सगळ्या कांद्याचं पानी तू धरायचं."

चांगदेवांनी मान खाली घातली. ओठ दाबले. "लई मोठा दंड हाय, गेणभाऊ."

"आसू दे."

"म्हातारा मानूस मी."

"एक बी वाफा सोडायचा न्हाई!"

"आता तुमी म्हनता तर…" चांगदेव पडेल आवाजात म्हणाले. घरी जाताना मात्र त्यांची चाल बघून जानकाबाईंना आपल्या लग्नातला नवरा आठवला.

फाल्गुनी पौर्णिमेला विहार भरून गेला. गेणभाऊंच्या घरी त्या दिवशी होळी होती, पण ते पुरणपोळीवरून उठून विहाराच्या पायरीवर येऊन बसले. चांगदेव माईकपुढे आले आणि वाचू लागले. एस.टी.त गलका चाललाय, साळुबाई अजून खालीच. तेवढ्यात धुरळ्यातून सासू धावत येताना दिसली. सगळ्यांना वाटलं, सुनेला न्यायला आली. सासू आली, साळुबाईला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "चढ की, उभी काय? खिडकीजवळ मी बसनार." तिच्याही काखेत गाठोडं होतं. लग्न झाल्यावर तीही एकदा याच फाट्यावर येऊन उभी राहिली होती आणि माघारी गेली होती, हे तिने गाडी सुटल्यावर सुनेला सांगितलं. त्या दिवशी घरी नवऱ्याने आपल्या हाताने आमटी केली. तिच्यात मीठ घालायला दोघींपैकी एकही नव्हती.

आधी एक म्हातारी हसली. मग सगळा विहार. माणसं जरा उशिरा हसली, पण हसली. पायरीवर श्रेयाने आपला मोबाइल कर्ण्याच्या दिशेने उंच धरला होता. पलीकडे अवसरीत मंदाबाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या मागून बाळासाहेबांचा आवाज येत होता, "बगा, मी म्हनलोच व्हतो, सासू बसती म्हनून!"

पुढच्याच आठवड्यात चांगदेव दंड भरायला गेणभाऊंच्या कांद्यात हजर झाले. खोरं घेतलं, पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं, बांधावर बसले आणि खिशातून कागद, पेन्सिल काढली. नवी गोष्ट डोक्यात घोळत होती. एवढ्यात मागून गेणभाऊ आले. इकडे तिकडे पाहिलं, घसा खाकरला.

"चांगदेवा, तो कागद जरा दे."

"कशाला?"

"दे म्हनतो ना." गेणभाऊंनी कागद-पेन्सिल ओढून घेतली आणि शेजारी बसले. "मला बी एक सुचलंय. चौथी शिकलोय मी, तुझ्याआदी लिवाय येत व्हतं मला. तू पानी बघ."

चांगदेव हात चोळत उभे राहिले. कागद एकच होता. पाणी वाफ्यात पसरत होतं, कांद्याची पात हलत होती. गेणभाऊंनी पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. आभाळाकडे पाहिलं. म्हशीकडे पाहिलं. कपाळावर घाम आला.

"वाफा भरत आला," चांगदेव म्हणाले.

"थांब. पयलंच वाक्य अडलंय."

"पानी थांबत न्हाई, गेणभाऊ."

"मंग फुडचा वाफा कसला हाय?"

"बारका."

"त्याच्या फुडला?"

"लांबडा हाय. पार वड्यापोतर."

"मंग त्यात सोड."

चांगदेवांनी बारका वाफा कोरडाच ठेवला, पुढे जाऊन लांबड्या वाफ्याचं तोंड उघडलं आणि खोऱ्यावर हनुवटी टेकवून, पाणी शक्य तितकं बारीक धरून उभे राहिले. गेणभाऊंनी पेन्सिल जिभेला लावली आणि मान खाली घातली.